छप्पर जुळलं होतं

बोरगुंडी हे गाव दोनदा वसलं. पहिल्यांदा ते कुणी वसवलं हे कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्यांदा मात्र भूपाल बिरनाळे नावाच्या एका माणसानं ते एकट्यानं वसवलं, तेही टॅबलेटवर, सहा वर्षं खपून.

भूपाल वहिफणीचं काम करायचा. यंत्रमागाच्या गावाबाहेर हा शब्द फारसा कुणाच्या कानावर पडत नाही. मागावर नवा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा मोठा रूळ, चढवायचा तर त्याच्यावरच्या दोन-तीन हजार तारा, एकेक करून, आधी वहीच्या, म्हणजे तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून ओढून घ्याव्या लागतात. एक तार चुकली तर कापडात पार शेवटपर्यंत रेघ पडते. त्यामुळे दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भूपालच्या पाठीला बाक आला होता आणि नजरेला मात्र अजून धार होती. लग्न जमलं नाही, आणि पुढे त्यानंच जमवून घेतलं नाही.

अशा माणसाच्या हाती 'वसवा' नावाचा खेळ लागला. या खेळात नदी काढायची, रस्ते आखायचे, यादीतून इमारती उचलून मांडायच्या. मग खेळातली माणसं आपोआप राहायला येतात, कामाला जातात, रहदारीत अडकून वैतागतात. जगभरची पोरं त्यात काचेचे मनोरे आणि उडत्या गाड्यांची शहरं उभी करत होती. आणि हाताशी अख्खी सृष्टी असताना या पठ्ठ्यानं काय बांधलं, तर बोरगुंडी! सुट्टीच्या वारी टेप घेऊन तो गल्ल्या मोजायचा. पाण्याच्या टाकीची कललेली शिडी त्यानं कलतीच ठेवली. बाजारपेठेतला जुना खड्डासुद्धा सोडला नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही.

खेळाच्या यादीत इमारती चार हजार, पण बहुतेक परदेशी. खरी गावं हुबेहूब बांधणाऱ्यांची म्हणून एक युक्ती असते: नाव बघायचं नाही, रूप बघायचं. भूपालनं एका परक्या वाचनालयाचा घुमट घेऊन आपली जैन बस्ती, म्हणजे मंदिर, उभी केली. एसटी स्टँड म्हणून मालधक्का बसवला. उसाचं शेत म्हणजे हिरवा रंग मारलेला वाहनतळ होता. लांबून बघणाऱ्याला पटलं की झालं, आत खेळ त्याला काय म्हणतो याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

अडचण आली ती अक्काच्या खानावळीपाशी.

रत्नाक्का ही भूपालची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी परत आली. वडिलांच्या चार मागांचा कारखाना तोवर बंद पडला होता. माग भंगारात गेले आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये अक्कानं चूल पेटवली. त्या चुलीवर तिनं भूपालला वाढवलं, शिकवलं. आता तिथं दोन्ही पाळ्यांचे मिळून एकशे नव्वद कामगार जेवत होते. बिहारचे, ओडिशाचे, सोलापूरकडचे. खानावळीला पाटी नव्हती, कारण गरजच कधी पडली नाही. विजेचा मीटर अजून वडिलांच्या नावानं, 'बंद यंत्रमाग' म्हणून होता. या गावात मीटरवरचं नाव कोण बदलत बसतं?

आणि अक्काचा एक नियम होता. दारात एक जुनी पत्र्याची ट्रंक असायची. आत येणाऱ्यानं आपला फोन तिच्यात टाकायचा, झाकण लावायचं, मग पानावर बसायचं. फोन हातात असला की माणूस अर्धी भाकरी तासभर चघळतो आणि बाहेर दुसरी पंगत भुकेली उभी राहते. एकदा माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरनं कुरकुर केली, तर अक्का म्हणाली होती, "तुझ्या फोनला भूक लागल्या काय? मग टाक की त्यात."

तर या खानावळीसाठी भूपालनं यादीतलं 'उपाहारगृह' आधी लावून पाहिलं. काचेच्या भिंती, रंगीत दिवे, सगळंच भलतं. अक्काचं छप्पर पुढं उतरतं होतं आणि मागं धूर जायला एक पत्रा उचललेला होता. चार हजारांत तसं छप्पर एकाच इमारतीला सापडलं. तिचं नाव 'गोदाम, लहान'. भूपालनं ते बसवलं, तिसऱ्या पत्र्याला गंज चढवला आणि टॅबलेट घेऊन खानावळ गाठली.

अक्कानं पदराला हात पुसले आणि डोळे बारीक करून बघितलं. "अगं बाई! हे आपलंच की रं! गंजसुदिक काढलाईस!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती जरा आणखी वाकली. "मी कुठं हाय ह्यात?"

"आत."

"आत म्हंजे? दिसंना की. दार उघड की जरा."

"दार उघडत न्हाई अक्का ह्या खेळात. पुढं कवातरी उघडंल."

"बरं, असू दे. ये, पान वाढलंय. आन् ते टाक ट्रंकेत."

त्या दिवशी भूपालला आपण आयुष्यात एक तरी काम चोख केलं असं वाटलं होतं.

दोन वर्षांनी सरकारनं प्रतिनगर योजना आणली. कल्पना सोपी होती, आणि खरं सांगायचं तर हुशारीचीही होती. प्रत्येक गावाची एक जुळी प्रत संगणकात उभी करायची. त्यात प्रत्येक माणसाचं एक प्रतिरूप ठेवायचं. हे प्रतिरूप कशावरून बनवायचं? तर वीज कधी जळते, पाणी कधी वाहतं, फोन कुठून कुठं जातो, कुठं किती वेळ थांबतो, यावरून. माणूस स्वतःला कितीही स्वतंत्र समजो, त्याचे दिवस एकमेकांसारखेच असतात. दोन वर्षांच्या नोंदी मिळाल्या की त्याचं प्रतिरूप त्याच्यासारखंच उठायचं, वैतागायचं, हट्ट धरायचं आणि सोडायचं. चाचणीत यंत्रानं आठवडी बाजाराला किती माणसं येतील ते सांगितलं, तेवढीच आली. पुढच्या खेपेला कोण कशाविरुद्ध तक्रार करील तेही सांगितलं, आणि त्यांनीच केली.

मग कायदा बदलला. पूर्वी रस्ता काढायचा तर हरकती-सूचनांसाठी साठ दिवस द्यावे लागत. आता ते साठ दिवस प्रतिनगरात एका दुपारी उरकत. प्रतिरूपं हरकती घेत, भांडत, समजूत पटली की मागं घेत. खऱ्या माणसांना हेलपाटे नकोत, हाच त्यामागचा हेतू होता.

मोठ्या शहरांचे नकाशे तयार होते. लहान गावांचे नव्हते. शोधता शोधता प्रतिनगर कक्षाला 'वसवा'तली भूपालची बोरगुंडी सापडली. इंचाइंचाला जुळणारी! नगरपालिकेच्या सभागृहात शाल, नारळ, फोटो असं सगळं झालं. भूपालच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच्यापुढं एक फॉर्म आला, त्यात एक प्रश्न होता: 'सर्व वास्तूंचे प्रकार बरोबर आहेत काय?' भूपालच्या मनात आकार होते, छपरं होती, गंज होता. त्यानं 'होय' वर खूण केली. पहिल्या रांगेत बसलेली अक्का सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

वहिफणीतली एक तार चुकली होती, आणि रेघ दिसायला वर्ष लागलं.

एके सकाळी खानावळीच्या भिंतीवर कागद चिकटला. अवजड गाड्यांसाठी बाहेरून नवा रस्ता होणार होता. त्यात बारा बांधकामं जात होती. अकरा जणांना नवी जागा मिळणार होती. बाराव्या ओळीत लिहिलं होतं: 'रिकामे गोदाम. वहिवाट नाही. पर्यायी जागेचा प्रश्न उद्भवत नाही.'

अक्कानं चष्मा लावून तो दोनदा वाचला. आत पहिली पंगत जेवत होती. "रिकामं?" ती म्हणाली. "आपण रिकामं व्हय रं, भूपाल?"

भूपालनं बारावी ओळ स्वतः वाचली. हे कुणाचं काम आहे ते त्याला त्या क्षणीच कळलं होतं. पण अक्काला सांगायला त्याची जीभ रेटेना. "चूक झाल्या त्यांची," तो म्हणाला. "मी बघतो."

प्रतिनगर कक्ष जिल्ह्याच्या गावी होता. तिथल्या देवरे मॅडम तरुण होत्या, सभ्य होत्या. त्यांनी भूपालला नावानं ओळखलं, चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भूपालला वाटलं, झालं काम.

"बिरनाळे, आम्ही नुसत्या तुमच्या नकाशावर विसंबलो नाही," त्या म्हणाल्या. "पडताळणी केली. मीटर बंद यंत्रमागाचा आहे, वापर एका दिव्याचा. आणि फोन बघा." त्यांनी पडदा त्याच्याकडं वळवला. निळे ठिपके गोदामाच्या दिशेनं येत होते आणि दारापाशी विझत होते. अर्ध्या तासानं तिथंच पुन्हा उजळत होते. "हे दोन वर्षांत एकदाही आत थांबलेले नाहीत. पत्र्यामुळं तिथं सिग्नल जातो, असा यंत्राचा निष्कर्ष आहे."

"मॅडम, ती ट्रंक हाय," भूपाल म्हणाला. "फोन ट्रंकेत टाकत्यात. माणसं आत जेवाय बसलेली असत्यात."

त्यांनी ठिपके पुन्हा एकदा चालवून बघितले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "पत्र्याच्या पेटीतून सिग्नल बाहेर पडत नाही, हे खरंय."

"मग दुरुस्त करा की."

"वास्तूचा प्रकार बदलला की सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. एकतीस गावांची रहदारी एकमेकांत गुंतली आहे. पुढची फेरमांडणी अठरा महिन्यांनी आहे. तोवर प्रकार कुणालाच बदलता येत नाही. मी उद्या तुमच्याकडं येऊन जेवले, तरी माझ्या सहीनं गोदामाची खानावळ होत नाही."

"मग माझ्या अक्काची हरकत तरी घ्या लिहून."

"हरकत प्रतिरूपाला घेता येते. गोदामात राहणाऱ्याचं प्रतिरूप नसतं. त्यांच्या नावावर फोनही नाही."

"माझी घ्या मग! मी हाय की जिवंत!"

देवरे मॅडमनी काही कळा दाबल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "तुमची हरकत आधीच नोंदली आहे. तुमच्या प्रतिरूपानं पहिल्याच दिवशी घेतली. बाराही बांधकामांसाठी. खूप भांडलं ते. सत्ताविसाव्या दिवशी मागं घेतली."

"का?"

"कारण नोंदलेलं नसतं. फक्त दिवस असतो."

भूपाल उठला. "ते माघारी फिरलं असंल. मी फिरणार न्हाई. काय करायचं ते सांगा."

त्यांनी एक वाट सांगितली, आणि ती त्यांनी मनापासून सांगितली यात शंका नाही. काम सुरू व्हायला महिना होता. त्याआधी खऱ्या माणसाला स्वतः हजर राहून हरकत कायम ठेवता येत होती, आणि यंत्राला गोदामात माणसांचा वावर दिसला तर काम थांबू शकत होतं. "लोकांना फोन जवळ ठेवायला सांगा," त्या म्हणाल्या.

भूपालनं हरकतीवर सही ठोकली आणि परतीच्या एसटीत दिवस मोजायला सुरुवात केली.

अक्कानं ट्रंक आत नेऊन ठेवली. तिला हे पटलेलं नव्हतं, पण भावाचा शब्द तिनं आजवर मोडला नव्हता. "जेवताना फोन खिशात असू द्या," ती सगळ्यांना सांगू लागली. पण फोन खिशात राहतो होय? पहिल्या दिवशी तो पानाशेजारी आला, तिसऱ्या दिवशी हातात. कुणी घरच्यांचं तोंड बघत जेवू लागलं, कुणी क्रिकेट. पंगत अर्ध्या तासाची तासाची झाली. पाळीचा भोंगा झाला तरी निम्मी माणसं उपाशी बाहेर उभी. एके दिवशी दारात हाणामारी झाली. मागमालकांनी उशिरा येणाऱ्यांना दमात घेतलं, तसे काही जण दुसरीकडं जेवायला जाऊ लागले.

बेहरा नावाचा ओडिशाचा एक म्हातारा कामगार अकरा वर्षं तिथं जेवत होता. जाताना तो अक्काच्या पाया पडला. "अक्का, तुमचा जेवण चांगला. पण आता इथे कोण कोणाशी बोलत नाही," एवढंच म्हणाला.

अक्कानं त्या दिवशी उरलेल्या भाकरी गाईला घातल्या. भाकरी उरण्याची तिला सवय नव्हती. भूपालला ते बघवेना, तरी त्यानं दात-ओठ खाऊन दिवस रेटले. दहावा, पंधरावा, विसावा.

तीन आठवड्यांच्या नोंदी साठल्या, आणि बाविसाव्या दिवशी यंत्राला माणसं दिसली.

त्याच दिवशी नोटीस आली. ती यंत्रानंच काढली होती. गोदामाचा प्रकार अजून गोदामच होता. आता त्या गोदामात रोज दीडशे माणसं कोंडलेली दिसत होती. 'गोदामात धोकादायक जमाव. वास्तू तात्काळ रिकामी करावी. वहिवाटदार रत्नाबाई बिरनाळे यांच्यावर गुन्हा दाखल करण्यात येत आहे.' करायला गेला एक आणि झालं भलतंच.

भूपाल पुन्हा देवरे मॅडमपुढं जाऊन उभा राहिला. या खेपेला त्याला बसायचंही सुचलं नाही. "हरकत घ्यायला माझी अक्का न्हाई," तो म्हणाला, "आन् गुन्हा दाखल करायला हाय व्हय?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचा राग त्या पाण्यापाशी येऊन थांबला, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं. समोर एखादा उर्मट माणूस असता तर निदान ओरडता आलं असतं.

"मी चार ठिकाणी बोलले," त्या म्हणाल्या. "या जागेवरच्या सगळ्या हरकती मागं घेतल्या, तर प्रकरण मिटलेलं धरतात. गुन्हा रद्द होतो. जागा मात्र जाते. तुमची एकच हरकत आहे."

भूपाल गावी परतला. तीन दिवस त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी खानावळीत पोलीस येऊन गेला. चांगला माणूस होता, तिथंच कधीकाळी जेवलेला. त्यानं अक्काला एवढंच सांगितलं की उद्या ठाण्यात यावं लागेल. अक्कानं कपाटातून लग्नाकार्याचं लुगडं काढलं, घडी उलगडून बघितली आणि भावाला विचारलं, "ठाण्यात जाताना हे बरं दिसंल काय रं?"

भूपालनं तिथल्या तिथं फोन काढला आणि हरकत मागं घेतली. अंगठा टेकवला, संपलं.

मग त्यानं दिवस मोजले. तो सव्विसावा होता. यंत्राला त्याच्याबद्दल त्याच्यापेक्षा एका दिवसाचा जास्त भरवसा होता.

"अक्का," तो म्हणाला, "ते गोदाम मीच लिहिलं होतं." आणि छपराची, यादीची, त्या फॉर्मवरच्या 'होय'ची सगळी हकिगत त्यानं सांगून टाकली. लहानपणी काही फोडलं की सांगायचा तशी, मान खाली घालून.

अक्कानं लुगड्याची घडी घातली. "छप्पर मातर जुळलं होतं हां," ती म्हणाली.

शेड पाडायला एक सकाळ पुरली. पत्रे लगेच निघाले, भिंतींना थोडा वेळ लागला. मशीनवाल्यानं नियमाप्रमाणं तीनदा भोंगा वाजवला आणि आत कुणी नसल्याची नोंद केली. या खेपेला ती नोंद खरी होती.

अक्का भूपालच्या दोन खोल्यांत राहायला आली. ट्रंक तेवढी तिनं बरोबर आणली होती, तिच्यात आता तिचे कपडे होते. संध्याकाळी सातला पाळीचा भोंगा झाला आणि ती सवयीनं उठून उभी राहिली. स्वयंपाकघरात दोन माणसांचा भात केव्हाच शिजला होता. ती पुन्हा खाली बसली.

"तुझा त्यो खेळ दाव की," ती म्हणाली.

सरकारनं नेलेली बोरगुंडी वेगळी होती, तिच्यात आता रस्ता वाहत होता. भूपालची जुनी प्रत टॅबलेटमध्ये तशीच होती. त्यानं ती उघडली. कललेली शिडी, बाजारपेठेतला खड्डा, बस्तीचा घुमट, आणि पुढं उतरतं छप्पर. तिसऱ्या पत्र्यावर गंज होता. खेळातही संध्याकाळ होत होती आणि पत्र्यावर तांबूस ऊन पडलं होतं.

"अजून उभं हाय की रं," अक्का म्हणाली. तिनं बोट पुढं केलं, पण काचेला लावलं नाही. "दार उघड की."

भूपालनं दारावर बोट टेकवलं. एक चौकट उघडली आणि बारीक अक्षरं उमटली: 'गोदाम, लहान. आत कोणी नाही.'

अक्काचा चष्मा खिडकीत राहिला होता. "काय लिवलंय?" तिनं विचारलं.

खरं एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगायचं बळ त्याच्यात नव्हतं. "पंगत बसल्या म्हणतंय," भूपाल म्हणाला. "उठली की उघडंल."

"मग बसतो की मी," अक्का म्हणाली आणि टॅबलेट मांडीवर घेऊन बसून राहिली.